मदत हवी आहे : वाचनालयाच्या निवडणुकीत एकच पॅनल सगळ्या जागा नेतं, मतदानाची पद्धत कशी बदलावी?

पेठेतला_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. संस्था जुनी, 'ब' वर्गाची, अनुदान मिळतं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे. दर पाच वर्षांनी १३ जणांचं कार्यकारी मंडळ निवडतात आणि प्रत्येक सभासदाला १३ मतं असतात. पूर्वी सगळं बिनविरोध व्हायचं, अलीकडे पॅनल उभी राहू लागली. तेव्हापासून एकच तऱ्हा : जे पॅनल थोडं वरचढ, त्याचे तेराच्या तेरा निवडून येतात. दुसऱ्या बाजूला चाळीस टक्क्यांवर मतं असली तरी मंडळात त्यांचा एक माणूस नाही.

मतपत्रिका म्हणजे एक झेरॉक्स कागद, डावीकडे एका पॅनलची तेरा नावं, उजवीकडे दुसऱ्याची, मागे वाचनालयाचा गोल शिक्का. फाटकाबाहेर कार्यकर्ते चिठ्ठ्या घेऊन उभे : "काका, डावीकडं सरळ फुल्या मारत खाली या." निम्मे लोक नावंही वाचत नाहीत.

पेठेत सभासद जास्त, स्टेशनकडच्या नव्या कॉलन्यांत कमी. त्यामुळे कॉलन्या कायम बाहेर. वाचनालय सातला बंद होतं, नोकरदार माणूस आठला घरी येतो. वेळ वाढवण्याचा विषय मंडळापुढे कधी आलाच नाही, कारण तो मांडणारं तिथे कुणी नव्हतं. (मी स्वतः पेठेतला, जिंकलेल्या पॅनलचा मतदार. तरीही हे बरोबर वाटत नाही.)

आता घटना दुरुस्ती समिती नेमली आहे आणि मला तिच्यात घातलंय. कोणती पद्धत सुचवावी? मोजणी हातानेच होणार, मोजणारे निवृत्त शिक्षक. आणि हे कायद्यात बसतं का?

गणिताचे_मास्तर

तुमच्या लोकांची यात काही चूक नाही, पद्धतच तशी आहे. जेवढ्या जागा तेवढी मतं दिली की बहुमतवाला गट प्रत्येक जागा वेगवेगळी जिंकतो. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड चारही जागा एकाच पक्षाकडे जातात, तेही याच हिशेबाने.

समजा ६०० मतदान झालं. पेठ ३३०, कॉलनी २७०. आजच्या पद्धतीने निकाल १३–०.

आता एक सोपा बदल बघा : जागा १३, पण मतं ८ च. पेठेचे ८ येतील, कॉलनीचे ५. मात्र पेठेच्या लोकांनी शिस्तीत ९ उमेदवारांवर मतं वाटली तर प्रत्येकाला २९३ पडतात. कॉलनीच्या उमेदवाराला फार तर २७०. म्हणजे ९–४. तरी शून्यापेक्षा बरंच.

दुसरी पद्धत पसंतीक्रमाची : नावापुढे फुली न मारता १, २, ३ लिहायचं. निवडून यायला कोटा लागतो. एकूण मतांना जागा अधिक एक, म्हणजे १४ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा. ६०० ला कोटा ४३. कॉलनीच्या २७० मतांत ६ कोटे बसतात, पेठेच्या ३३० मध्ये ७. निकाल ७–६. कुणाला चिठ्ठ्या वाटाव्या लागत नाहीत. कोट्यावरची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात, तळाच्या उमेदवाराला बाद केलं की त्याचीही जातात.

कट्ट्यावरचा_बंडू

वाचनालय सोडा राव, अख्खं राज्य असंच चाललंय. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा, शिंदे सेनेला १२.३८ टक्के आणि ५७ जागा. आता बोला!

गणिताचे_मास्तर

बंडूशेठ, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच सांगितलेत. काँग्रेसने १०१ जागा लढवल्या, शिंदे सेनेने ८१. मतं जास्त ठिकाणी विखुरली की हे होणारच. शिवाय त्याच वर्षी लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी होती आणि जागा पडल्या महाविकास आघाडी ३०, महायुती १७. पद्धत कुणाच्या बाजूची नसते, जो थोडा पुढे असतो त्याला ती फार पुढे ढकलते. उत्तर प्रदेशात २०१४ ला बसपला १९ टक्क्यांवर मतं होती आणि ८० पैकी एकही जागा मिळाली नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाने ३३.७ टक्क्यांवर ६५० पैकी ४११ जागा घेतल्या, रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्क्यांवर ५. त्यांचे मतदार देशभर पातळ पसरलेले होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

जुनं_खोड

मी विरोधात बोलतो. मंडळ म्हणजे काही संसद नाही. ७–६ असं मंडळ बसलं की दर बैठकीत हमरीतुमरी, मग कोरम नाही, मग ऑडिट रखडणार आणि शेवटी अनुदानाला कात्री. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, सूचना मांडली, तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी तिला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, या पद्धतीला साक्षर मतदार लागतो, आणि सभागृहाचे इतके तुकडे होतात की सरकार टिकत नाही. स्थैर्याला काही किंमत आहे की नाही?

भीमाकाठ

जुनं खोड, संदर्भ बरोबर, पण तिथेच थांबू नका. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनीच सुचवलं की एकसदस्य मतदारसंघाऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवारावर टाकायची मुभा द्या. मोठ्या राज्यांत अल्पसंख्याकांना वाटणाऱ्या भीतीवर त्यांनी सांगितलेला हा एक उपाय होता. आणि हे कागदावरचं नव्हतं, १९३७ ला मुंबई इलाख्यात अशी एकवटून मतं देता येत होती. उलट १९५२ ला ते स्वतः उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात हरले, तेव्हा दोन्ही मतं एकालाच द्यायची सोय नव्हती.

साक्षरतेचा मुद्दा तर वाचनालयाच्या सभासदांना लावू नका हो!

पेठेतला_वाचक

शेवटचं वाक्य समितीत वाचून दाखवणार आहे. :)

मग हे एकवटून मत देणंच सोपं नाही का? १३ मतं, हवी तशी वाटा. मोजायलाही फक्त बेरीज.

गणिताचे_मास्तर

मोजायला सोपं, लढवायला अवघड. कॉलनीकडे २७० × १३ = ३५१० मतं. त्यांनी ६ उमेदवार उभे करून नीट वाटली तर प्रत्येकाला ५८५, सहाही येतील. पण हाव सुटली आणि ८ उभे केले तर प्रत्येकी ४३९ च पडतात. तेवढ्यात पेठेने ९ उभे केले की त्यांना प्रत्येकी ४७७. झाले ९–४. म्हणजे चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते पुन्हा फाटकावर हजर, यावेळी हातात कॅल्क्युलेटर. पसंतीक्रमात हा जुगार नाही.

ताराबाई_पार्क

कोल्हापूरकर म्हणून मला हे तोंडपाठ आहे. जून २०२२, राज्यसभा, महाराष्ट्रातून ६ जागा, ७ उमेदवार. पहिल्या पसंतीची मतं संजय पवारांना ३३, धनंजय महाडिकांना २७. दोघेही आमच्याच जिल्ह्यातले. निवडून आले महाडिक! कारण महाडिकांच्याच भाजपचे गोयल आणि बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती, कोटा ४१ च्या आतबाहेर. वरची जी शिल्लक उरली ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. पहाटेपर्यंत अर्धं कोल्हापूर जागं होतं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो कोटा समजावून सांगत होता.

सांगायचं असं की सभासदांना निकाल आधी समजावून ठेवा. '३३ वाला पडला कसा?' हा प्रश्न मोजणीच्या रात्री उठला तर भांडण ठरलेलं. पदवीधर मतदारसंघात ज्यांनी ते जांभळं पेन धरून आकडे लिहिलेत, अशी चार माणसं गावात असतीलच. त्यांना पुढे करा.

वेलिंग्टनची_वैशाली

आमच्या वेलिंग्टन शहराच्या नगरपरिषदेची निवडणूक २००४ पासून अशीच होते. मतपत्रिका टपालाने घरी येते, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून आकडे टाकते. जितके उमेदवार ओळखीचे तितकेच क्रमांक द्यायचे, सगळे भरायची सक्ती नाही. हा नियम तुम्हीही ठेवा, नाहीतर २६ नावांना क्रमांक देता देता वयस्कर मंडळी चुकतील आणि मतं बाद होतील. आणि उमेदवारांची नावं पॅनलनुसार छापू नका. इथे पुष्कळ ठिकाणी प्रत्येक मतपत्रिकेवर नावांचा क्रम वेगळा असतो. तुम्हाला छपाई परवडणार नाही, पण निदान चिठ्ठ्या टाकून एकच क्रम ठरवा. डावीकडं सरळ खाली येणं आपोआप बंद होईल.

देशाची, म्हणजे न्यूझीलंडच्या संसदेची, पद्धत इथे वेगळी आहे. १९७८ आणि १९८१ ला कमी मतं मिळालेला पक्ष जास्त जागा घेऊन सत्तेवर बसला, लोक चिडले, १९९३ च्या सार्वमताने पद्धत बदलून मतांच्या प्रमाणात जागा देणारी आणली. तेव्हापासून आघाडीची सरकारं येतात, पण दर महिन्याला पडत नाहीत. हे जुनं खोड यांच्यासाठी.

जुनं_खोड

वाचलं. न्यूझीलंडात वाचनालयाच्या खुर्चीसाठी भावकी आडवी येत नसेल. पण क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, हे पटलं.

शब्दसखी

सगळे जागांवर बोलताय, यादीवर कुणी बोलेना. मतदार कोण? आमच्या गावच्या वाचनालयात मत फक्त आजीव आणि साधारण सभासदांना. महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं नेणाऱ्या मुली, स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेत दिवसभर बसतात, त्यांना मत नाही. उलट आजीव सभासदांच्या यादीत निम्मे पुण्या-मुंबईला गेलेले, काही तर देवाघरी. पद्धत कितीही शहाणी आणली तरी यादी जुनीच राहिली तर कॉलनीला न्याय मिळेल, वाचकाला नाही.

आणि तेरात बायका किती, तेही सांगा.

पेठेतला_वाचक

एक. त्याही माजी अध्यक्षांच्या सूनबाई. यादीचा मुद्दा आमच्या समितीत निघालाच नव्हता, मांडतो. ताई, महिलांसाठी राखीव जागा ठेवल्या तर पसंतीक्रमात त्या कशा बसवायच्या?

शब्दसखी

राखीव जागांची मोजणी वेगळी करू नका, नाहीतर त्या जागा परत बहुमतवाल्यांच्याच. मोजणी एकच ठेवा. नियम असा लिहा की उरलेल्या स्त्री उमेदवारांची संख्या ठरलेल्या किमान संख्येइतकी झाली की त्यापुढे त्यांना बाद करायचं नाही, त्यांच्यावरच्या पुरुष उमेदवाराला करायचं. आणि तेवढ्या बायका उभ्याच राहिल्या नाहीत तर काय, तेही लिहून ठेवा.

सातारी_सीए

कायद्याचं थोडक्यात. सहकारी संस्था असती तर हात बांधलेले असते, तिथे निवडणूक कायदा आणि नियमांनुसारच होते. तुमची नोंदणीकृत संस्था आणि न्यास, त्यामुळे तुमच्या घटनेत दुरुस्तीची जी रीत लिहिली आहे ती काटेकोर पाळा : नोटीस, कोरम, लागेल ते बहुमत. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत नव्या पद्धतीने निवडणूक घेऊ नका. निवडणुकीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज (मंडळ बदलल्याची नोंद) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करा. हरलेला गट हरकत घेतो ती इथेच, म्हणून मतपत्रिका आणि मोजणीचे तक्ते जपून ठेवा. निवडणूक अधिकारी बाहेरचा नेमा, शक्यतो वकील.

कुणी म्हणालं की असलं काही आपल्याकडे नसतं, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६३ दाखवा. संचालक प्रमाणशीर पद्धतीने, पसंतीक्रमाने किंवा मतं एकवटून, निवडायची मुभा तिथे स्पष्ट आहे. वापरतं कुणी फारसं नाही, ती गोष्ट वेगळी.

पेठेतला_वाचक

सगळ्यांचे आभार. समितीपुढे असं ठेवतो : पसंतीक्रम, हवे तितकेच क्रमांक, चिठ्ठीने ठरलेला नावांचा क्रम, किमान तीन महिला, मयत आणि संपर्क नसलेल्यांची यादी आधी साफ, वर्षभर वर्गणी भरणाऱ्या वाचकाला मत. शेवटचा मुद्दा पडणार असं दिसतंय, पण मांडणार.

एक शंका राहिली. मधेच कुणी राजीनामा दिला किंवा वारला, तर? आज मंडळच रिकामी जागा भरतं. म्हणजे कॉलनीचा माणूस गेला की जागा पुन्हा पेठेत.

गणिताचे_मास्तर

ती वाट बंदच करा. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या विधानसभेसाठी पोटनिवडणूक न घेता जुन्याच मतपत्रिका परत मोजतात. ज्या मतांवर गेलेला सदस्य निवडून आला होता तीच बाहेर काढायची आणि त्यांच्यावर पुढची पसंती कुणाला आहे ते पाहायचं. जागा त्याच मतदारांच्या माणसाकडे राहते. त्यासाठी प्रत्येक विजयी उमेदवाराचा गठ्ठा वेगळा बांधून, त्यावर नाव घालून, पाच वर्षं सीलबंद ठेवावा लागेल. कपाटाची एक किल्ली निवडणूक अधिकाऱ्याकडे असू द्या, दुसरी हरलेल्या पॅनलच्या प्रतिनिधीकडे.