पेठचा साग : तोडू, विरळू की तसाच ठेवू?

सातपूरचा पेठकर
पेठ तालुक्यात आमची साडेतीन एकर उताराची जमीन. वडिलांनी १९९८ साली साग लावला. मागच्या मार्चात शेजारच्या माळावरून वणवा शिरला. गवत-पाला तासाभरात गेला. एका बुंध्याची साल वीतभर तडकलीय, आत बोट घातलं की कोळसा लागतो. बघवत नाही. मुलगी म्हणते, झाडं कार्बन धरून ठेवतात, हात लावू नका. व्यापारी म्हणतो, सगळं एकदम काढा. काय करू?

डोंगरवाट
दादा, सगळं काढू नका, पहिल्याच पावसात माती ओढ्यात जाईल. मुलीचं खरं आहे : वाळल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. पण त्याचं दार-चौकट झालं तर तो तिथंच राहतो, जळलं की हवेत. म्हणून विरळणी करा. दबलेली, वाकडी झाडं काढा, जोमदारांना उजेड मिळू द्या. खुंटाला फुटवे येतील, त्यातला एकच सरळ राखा. आणि स्वतःच्या जमिनीतल्या सागालाही तोडीची परवानगी लागते, ती आधी घ्या.

सुरगाण्याची ताई
भाऊ, आधी जाळरेषा! आम्ही बायका फेब्रुवारीतच हद्दीवर दहा फुटांचा पट्टा झाडून काढतो. नुसता साग नको, मधे हिरडा, मोह लावा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला; तिथं जंगलाचं ग्रामसभा ठरवते. तुम्हीही तसंच मिळून ठरवा; वणवा हद्द बघत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनाही बोलवा.

सातपूरचा पेठकर
ताई, रविवारी गावी जातोय. शेजारच्या काकांना आजच फोन करतो.