दक्षिण बेटावरच्या ग्रुप राइड: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ग्रुपने बाईक फिरवून आलेल्यांसाठी हा धागा. येत्या फेब्रुवारीत आम्ही काही मित्र-मैत्रिणी निघतोय. ठिकाणांच्या याद्या भरपूर मिळाल्या. मला ऐकायचंय ते रस्त्यावरचं: एकत्र कसे राहिलात, पाऊस-वारा कसा काढलात, कुठून पाय निघेना. पिलियन म्हणून गेलेल्यांनीही जरूर लिहा, मागच्या सीटवरून जास्त बघायला मिळतं.

ऑकलंडहून

आम्ही वेलिंग्टनपर्यंत चालवत गेलो आणि तिथून फेरी बोटीने पिक्टनला. साधारण साडेतीन तास लागतात. कुकची सामुद्रधुनी खवळली की मोठी बोटसुद्धा चांगली हेलकावते, म्हणून गाडी नीट बांधणं महत्त्वाचं. खालच्या डेकवर पट्टे ठेवलेले असतात, बांधायचं आपलं आपण. साइड स्टँड, पहिला गिअर, आणि सीटवरून पट्टा घेताना खाली जुना टॉवेल. नाहीतर कव्हर घासलं जातं. दोघादोघांनी मिळून बांधा, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने पट्टा ओढायचा. बोट टोरी चॅनलमध्ये शिरली की मात्र वर या. दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येतात, पाणी शांत होतं. उतरल्यावर थेट हायवे न धरता क्वीन शार्लट ड्राइव्हने हॅवलॉकला जा. 35 किमीच्या आसपास अंतर, पण वळणांना खंड नाही.

पुण्याहून

घाटात आम्ही नेहमी रांगेत चालवतो. लीड पुढे, स्वीप मागे, मधल्यांनी आरशात एकमेकांना धरून राहायचं. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर हे पहिल्याच दिवशी सोडलं आणि दुसरी पद्धत धरली. फाटा आला की लीडच्या मागचा माणूस तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे लागतो. त्यामुळे ज्याला फोटो काढायचेत तो काढतो, ज्याला गाडी पळवायचीय तो पळवतो, आणि मागे कोणी हरवत नाही. आर्थर्स पास उतरून कुमारा जंक्शनला आलो, तिथे हायवे 73 संपून 6 लागतो. माझी पाळी होती. रिमझिम पाऊस, अंगावर रेनगिअर, आणि एकेक हेडलाइट वळणावरून पुढे येताना मोजायचा. आपलं माणूस दिसलं की फार बरं वाटायचं. थांबणाऱ्याला सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, मात्र सोडत नाहीत. चालत्या गाडीवर त्रास नाही, थांबलात की मनगट आणि मान झाकून घ्या.

एकपदरी पूल या किनाऱ्यावर जागोजागी आहेत. पाटीवर आपल्या बाजूचा बाण लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. ग्रुपमध्ये हे विशेष सांभाळा: पुढचा गेला म्हणून मागच्याने जायचं नाही, प्रत्येकाने आपला पूल आपण बघायचा. फॉक्स ग्लेशियरला टाकी फुल करा, पुढे हास्टपर्यंत 120 किमी जंगल आणि समुद्र.

मेलबर्नहून, पिलियन

मी मिलफर्ड रोडबद्दलच लिहिते, कारण तो रस्ता अजून डोक्यातून जात नाही. टे अनाऊपासून मिलफर्ड साउंडच्या खाडीपर्यंत 118 किमी. आधी तळ्याकाठची सपाटी, मग बीच (beech) नावाच्या झाडांचं जंगल, आणि एकदम उघडे ग्रॅनाइटचे कडे. त्या कड्यात होमर टनेल आहे. 1935 साली पाच माणसांनी कुदळ-फावडी आणि हातगाड्या घेऊन काम सुरू केलं, वाहतूक सुरू झाली 1954 साली. लांबी 1.2 किमी, आणि मिलफर्डकडे सरळ खाली उतरत जातो. आत भिंती कच्च्या, वरून पाणी ठिबकतं, रस्ता ओला. उन्हातून आत शिरताना क्षणभर काही दिसत नाही, म्हणून गॉगल बाहेरच काढा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

तोंडाशी सिग्नलला थांबलो तर किया आले. डोंगरातले हिरवट पोपट, पंखांखाली भडक केशरी. एक थेट आमच्या सॅडल बॅगवर बसून झिपची दोरी ओढायला लागला, दुसऱ्याचा डोळा शेजारच्या गाडीच्या रबरी ग्रिपवर. खायला अजिबात देऊ नका, या पक्ष्यांची संख्या खूप घटली आहे.

तिथे पाऊस आंबोलीच्या तोडीचा, वर्षाला 6,000 मिमीच्या वर, फक्त बारा महिने वाटून पडतो. आमच्या वाट्यालाही आला. टनेलमधून बाहेर पडलो आणि समोरच्या प्रत्येक कड्यावरून धबधबा! सगळ्यांनी गाड्या बाजूला लावल्या. कोणी बोललं नाही. मला वाटतं, पावसाच्या दिवशी मिलफर्ड रद्द करणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा.

नाशिकहून

इन्व्हरकार्गिल वगळू नका. बर्ट मन्रोची 1920 ची इंडियन स्काउट मोटरसायकल तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात, खिळे-स्क्रूच्या मांडण्यांमध्ये ठेवली आहे. घरी हाताने पिस्टन ओतणाऱ्या माणसाने 1967 साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर याच गाडीने 1,000 सीसीखालच्या गटात वेगाचा विक्रम केला. तेव्हा तो 68 वर्षांचा होता. आमच्यातले मेकॅनिक काका तिच्यापुढून हलायला तयार नव्हते.

क्राइस्टचर्चहून

वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पश्चिमेला धो-धो पाऊस असतो तेव्हा इथले सदर्न आल्प्स डोंगर ओलांडून आमच्याकडे कँटरबरीत गरम, कोरडा नॉर-वेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, उतरतो. राकाया नदीचा पूल पावणेदोन किमी लांब, आणि वारा आडवा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, हात सैल ठेवा. फारच असेल तर पुलाच्या अलीकडे चहा घ्या, संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. लीडने हे सकाळीच सगळ्यांना सांगावं, कारण ग्रुपमध्ये "मला भीती वाटते" म्हणायला लोक लाजतात.

भारतातून येणाऱ्यांनी लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) आहे ना, ते आजच बघा. नुसतं कारचं लायसन्स चालत नाही. अपघातात लागलं तर पाहुण्यांच्याही उपचारांचा बराच खर्च इथली एसीसी योजना उचलते, पण आजारपण, गाडीचं नुकसान, चुकलेलं विमान त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा विमा काढा. फेब्रुवारीत शहरात असलात तर कळवा, लिंडिस पासपर्यंत मी तुमचा स्वीप म्हणून येतो.