मालदीवचं कोटेशन आलंय? पैसे भरण्याआधी इथे टाका

गिरगावचा_गण्या: आज लोकलमध्ये शेजारी कोणीतरी मालदीवचं कोटेशन फोनवर वाचून दाखवत होतं. 'प्लस प्लस' कानावर पडलं आणि जुना हिशेब आठवला. दराशेजारी दोन अधिक चिन्हं असली की सेवाशुल्क आणि कर वेगळे. 100 डॉलरवर 10 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 110. त्यावर 17 टक्के कर, म्हणजे 128.70. शिवाय रिसॉर्टवर माणशी रात्रीचा हरितकर 12 डॉलर. दोघं, चार रात्री, 96. तुमच्याकडचे बारकावे लिहा.

डोंबिवली_फास्ट: आणि विमानतळापासून बेटापर्यंतचं भाडं?? ते माणशी आणि बहुतेकदा वेगळंच. स्वस्त खोली दिसली की आधी ते विचारा.

मीठमिरची: सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीनच्या आत माले गाठणारं विमान घ्या, नाहीतर पहिली रात्र विमानतळाच्या हुळहुले बेटावर आणि रिसॉर्टचे पैसे पाण्यात. सामान 20 किलो, हातातलं 5. वेळ आदल्या संध्याकाळी कळवतात. त्यामुळे परतीचं विमान सकाळचं नकोच.

शिंदेवाडी_४०२: कुकर लावलाय, पटकन लिहिते. व्हिसा तिथेच फुकट. पण इमुगाचा, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या 96 तासांत भरायचा, येताना आणि परत निघतानाही. तोही फुकट! पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.





खाडीकाठ: बजेट कमी असेल तर माफुशीसारखं वस्तीचं बेट. छोट्या गेस्टहाउसला हरितकर 6 डॉलर. दारू अजिबात नाही, बॅगेतही नको, विमानतळावर काढून घेतात. बिकिनी फक्त ठरलेल्या किनाऱ्यावर. शुक्रवार जुम्म्याचा, त्या दिवशी सरकारी फेरीबोटीच्या भरवशावर राहू नका. स्पीडबोटीत मागे बसा, पुढे आपटून कंबर ढिली होते.

डोंबिवली_फास्ट: मे महिन्याची सुट्टी धरून जाणाऱ्यांनो, तिथे नैऋत्य मोसमी पाऊस तेव्हाच सुरू होतो. कोरडं हवं तर जानेवारी ते एप्रिल.

बोंबील_बहाद्दर: खायचं काय ते कोणी लिहीना! सकाळी मासहुनी. कुपा (ट्यूना) कुस्करून, खोबरं, कांदा, मिरची, वर लिंबू. आपल्या सुक्या मासळीच्या किसमुरीची चुलतबहीणच. सोबत रोशी, म्हणजे तिथली पोळी.

शिंदेवाडी_४०२: संकष्टीला काय?

बोंबील_बहाद्दर: शहाळं 😂

मीठमिरची: चार्जरला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. मुंबईतच लोहार चाळीच्या बाजारात घ्या, रिसॉर्टच्या दुकानात नको. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ तासभर पुढे ठेवतात. बोटीची वेळ मालेची की बेटाची, विचारून घ्या.

शिंदेवाडी_४०२: किसमुरीला सुका बांगडा की सुकट?

बोंबील_बहाद्दर: सुकट. भाजून, गार झाल्यावरच चुरायची.