ब्रेसेसमुळे जबडा वाजतो का?

मुलीला ब्रेसेस लावल्यापासून जबडा कट्कट् वाजतो, उपचार चुकला का, असं एकांनी विचारलंय. बहुधा नाही. या भीतीने लोक चालू उपचार अर्धवट सोडतात, म्हणून लिहितोय. तिच्या कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडायला सांगा. सांध्यातली चकती सरकून जागेवर बसताना तो आवाज येतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. शिवाय हा त्रास सुरू होतो तोही ब्रेसेसच्याच वयात, म्हणून संशय ब्रेसेसवर जातो.

जबड्याच्या सांध्याच्या त्रासासाठी दातांच्या ठेवणीला दोष देण्याची सुरुवात मुख्यतः १९३४ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांच्यापासून झाली. १९८७ मध्ये मिशिगनच्या एका खटल्यात, ब्रेसेसमुळे जबड्याचा सांधा बिघडला या आरोपावरून, ऑर्थोडॉन्टिस्टला (ब्रेसेस लावणाऱ्या दंतवैद्याला) मोठी भरपाई द्यावी लागली, मग कसून संशोधन झालं. ब्रेसेसमुळे सांध्याचा हा विकार होतो असं त्यातून दिसलं नाही. पण ब्रेसेसने तो बराही होत नाही! म्हणून केवळ सांधेदुखीसाठी कुणी दात झिजवून ठेवण बदलायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. झिजवलेला दात परत येत नाही हो. मऊ जेवण, शेक, झोपेत दात खात असेल तर स्प्लिंट (दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर), एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. तोंड उघडताना अडकायला लागलं तर मात्र लगेच दाखवा.