ग्रेड २ फॅटी लिव्हर आलंय, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालंय. वय ४६, दारूला कधी शिवलेले नाहीत. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख ३० हजार. त्रास काहीच नाही, पण पोट सुटलंय आणि साखर काठावर आहे. डॉक्टर 'वजन कमी करा' एवढंच म्हणाले. ग्रेड २ म्हणजे लिव्हर अर्धं गेलं का? लिव्हर साफ करणारं एखादं औषध सुरू करावं का? काळजीने झोप उडालीये.

प्रतिसाद १
ताई, अर्धं वगैरे काही गेलेलं नाही. माझाही रिपोर्ट असाच आला होता आणि मीही त्या 'ग्रेड'लाच धरून बसलो होतो. सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. खरा प्रश्न यकृत कडक व्हायला लागलंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हा आहे. त्याचा पहिला अंदाज तुमच्याकडच्याच आकड्यांतून येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी: ४६ × ४० = १८४०. एसजीपीटीचं वर्गमूळ ८, प्लेटलेट्स हजारांत २३०, गुणाकार पुन्हा १८४०. भागाकार १. हा आकडा १.३ च्या खाली असला की गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. जास्त आला असता तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या म्हटलं असतं. तरी हा हिशोब डॉक्टरांना दाखवाच, साखर काठावर आहे म्हणून. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा.

साफ करणाऱ्या औषधांच्या नादी अजिबात लागू नका. त्यातल्या काहींनी उलट यकृतालाच इजा होते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. वजनाचं म्हणाल तर ५ टक्के उतरलं तरी चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांत सूजही उतरते. पण सावकाश. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर यकृताचं बिघडूही शकतं. गोड पेयं आधी बंद, आठवड्याला निदान १५० मिनिटं दमवणारी चाल. काटा हलला नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, म्हणून त्यांना मध्येच सोडू देऊ नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर 'लिव्हरला त्रास होईल' म्हणून परस्पर थांबवू नका, या आजारात हृदयालाच जास्त जपायचं असतं. आणि हो, २०२३ मध्ये आजाराचं नाव बदललंय. कागदावर 'एमएएसएलडी' दिसलं तर तो नवा रोग नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार दोघांचे! हिशोब वहीत उतरवून नवऱ्याला दाखवला, पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं त्यांनी. सकाळी वजन ८४ भरलं, म्हणजे ७ टक्क्यांचे साधारण ६ किलो. रक्ततपासणी पुन्हा किती दिवसांनी करायची?

प्रतिसाद १
मला सहा महिन्यांनी सांगितली होती. तुमचं डॉक्टरांनाच विचारा, आणि कंबरेचं माप आजच टेपने घेऊन ठेवा.