शब्दचर्चा : होल्डनच्या 'फोनी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीवर मराठीत लिहायचं तर 'फोनी' (phony) या शब्दापाशी गाडी अडते. निवेदक होल्डन हा शब्द खोट्या, दिखाऊ वाटणाऱ्या सगळ्यालाच लावतो. 'दांभिक' म्हटलं की अर्थ पोचतो, पण होल्डनसारखा शाळेतून काढून टाकलेला १६ वर्षांचा मुलगा असं बोलेल का? 'ढोंगी', 'नकली', 'खोटारडा', 'बेगडी' यांतला कोणता बसेल?

प्रतिसाद : 'खोटारडा' आधी बाद करा. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच होल्डन आपण पट्टीचे थापाडे असल्याचं कबूल करतो. पुढे आगगाडीत एका वर्गमित्राच्या आईला तो शाळेच्या शिपायाचं नाव स्वतःचं म्हणून सांगतो आणि तिच्या मुलाची वाटेल तेवढी खोटी स्तुती करतो. म्हणजे थापा मारणं वेगळं आणि फोनी असणं वेगळं. होल्डन स्वतःच फोनी आहे का, यावर समीक्षकांत जुना वाद आहे. 'खोटारडा' लिहिलंत तर त्या वादाचा निकाल अनुवादकानेच लावल्यासारखं होतं.

प्रतिसाद : 'ढोंगी'चीही तीच अडचण. ढोंग जाणूनबुजून केलं जातं. होल्डनच्या आधीच्या शाळेचे, एल्कटन हिल्सचे मुख्याध्यापक हास यांना तो शब्द चपखल बसतो : रविवारी पालक आले की हे सगळ्यांशी गोड, पण एखाद्याची आई लठ्ठ किंवा गबाळी दिसली की नुसता हात मिळवून, हसल्यासारखं करून पुढे सटकणार आणि दुसऱ्या कुणाच्या आईबापांशी अर्धा तास बोलत बसणार. पण बाराव्या प्रकरणातला पियानोवाला अर्नी पाहा. त्याचं वाजवणं बिघडलंय, ते त्याला स्वतःलाच कळेनासं झालंय, आणि होल्डन दोष देतो तो टाळ्या पिटणाऱ्यांना. तरी अर्नीचं नम्रपणे वाकणं फोनीच. इथे 'ढोंगी' कमी पडतो.

प्रतिसाद : व्युत्पत्तीने 'बेगडी' सर्वांत जवळचा. 'फोनी' हा बहुधा 'फॉनी'वरून आला, आणि तो अंगठीसाठीच्या आयरिश शब्दावरून, असं मानतात. मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात सापडल्याचं भासवून सोन्याच्या भावात गळ्यात मारायची, ही भामट्यांची युक्ती. आपला बेगडही तसाच, वरून चकाकणारा पातळ पत्रा. पण आज 'बेगडी देशभक्ती' म्हटलं की वर्तमानपत्रातला अग्रलेख आठवतो. अर्थ जुळला तरी तोंड अग्रलेखाचं, होल्डनचं नव्हे.

प्रतिसाद : मग 'भंपक' घ्या. बोलीतला आहे, आणि माणूस, भाषण, सिनेमा, शाळेचं माहितीपत्रक, सगळ्यांना लागतो. कसोटीचं वाक्य पंधराव्या प्रकरणात आहे. होल्डनची मैत्रीण सॅली हेज हिला नाटकाला जायचं म्हणजे 'ग्रँड' वाटतं, आणि होल्डनला त्या शब्दाचाच तिटकारा, शब्दच फोनी म्हणून. 'हा शब्दच ढोंगी आहे' हे मराठी कानाला खटकतं. 'शब्दच भंपक आहे' सहज येतं.

प्रतिसाद : 'भंपक'शी सहमत, पण हसण्याला आणि वाकण्याला तो लागत नाही. हासचं हसू मराठीत 'तोंडदेखलं'च. अशा दोन-चार जागी शब्द बदलावा लागेल. त्याहून जास्त ठिकाणी बदलू नका. एकच शिक्का माणसांवर, वस्तूंवर, शब्दांवर सारखा मारत सुटणं हा होल्डनचा स्वभाव आहे. त्याचा शब्दसाठा तोकडा आहे, आणि त्या तोकडेपणातच त्याची अगतिकता दिसते. दर वेळी नवा, जास्त अचूक प्रतिशब्द शोधणारा अनुवादक त्याला नको तेवढा शहाणा करून ठेवतो.

प्रतिसाद : जाता जाता, होल्डन वाक्यांच्या शेवटी सारखं 'अँड ऑल' (and all) जोडतो, त्याचं काय? अर्थाने 'वगैरे' नेमका. पण नेमाड्यांच्या 'कोसला'नंतर (१९६३) 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे त्याच्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकरचे झालेत. या दोन कादंबऱ्यांची तुलना आपल्याकडे आधीच इतकी होते की प्रत्येक 'अँड ऑल'ला 'वगैरे' ठेवलं तर वाचकाला होल्डनऐवजी सांगवीकर ऐकू येईल. तिथे 'नि सगळं' करून पाहा : 'आईबाप काय करायचे नि सगळं'. वाक्याच्या शेवटी आवाज तसाच खाली पडतो.