घरात अडकलो तेव्हा घरची माणसं कशी भेटली? तुमचे अनुभव लिहा

घरात अडकणं कोल्हापूरकरांना नवं नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० ची टाळेबंदी, परत जुलै २०२१ चं पाणी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. शिरोलीजवळ हायवेवर पाणी येणार, दूध-भाजी थांबणार, चिखली-आंबेवाडीचे पाहुणे मुक्कामाला येणार.

"चला, जरा बसून बोलूया" म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात. हाताला काम असलं की आपोआप बोलतात. तुमच्याकडं कसं झालं? सुरुवात मी करते, पुढं आलेले अनुभव ज्याच्या-त्याच्या भागाच्या नावाखाली आहेत.

मंगळवार पेठ

वर्षाची कांदा-लसूण चटणी आम्ही उन्हाळ्यात करतो. २०२० ला मिरची घरात येऊन पडली आणि टाळेबंदीनं मिरची कांडायचा डंख (कांडप यंत्र) बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "परड्यातलं उखळ धुऊन घे. जमंल तेवढी घरात कांडू." रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. चादर अंथरून सगळं घर देठं खुडायला बसलं, सासरेसुद्धा. मी कांदा उन्हात घातला, तीळ-खोबरं भाजलं, लसूण सोलता सोलता नखं दुखायला लागली.

खोबरं भाजताना सासूबाईंना त्यांची पहिली चटणी आठवली. नव्या नवरीनं खोबरं करपवलेलं. त्यांच्या सासूनं एक शब्द काढला नाही, पण सगळ्या घराला वर्षभर तीच चटणी खायला घातली. माझ्या लेकीनं विचारलं, "आजी, तुला तुझी सासू आवडायची?"

मुसळ थांबलं. "आवडायची न्हवं, भ्या वाटायचं. गेल्यावर आवडाय लागली."

सोळा वर्षं मी या घरात आहे, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्या रात्री आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातांना खोबरेल लावलं, आग थांबेना म्हणून. तेव्हापासून त्यांना काही विचारायचं असलं की मी निवडायला काहीतरी घेऊन शेजारी बसते.

शिवाजी पेठ

आमचे आजोबा जुने पैलवान. तालीम बंद झाली तसे ते खचलेच. सकाळी उठून नुसते दाराकडं बघत बसायचे. मी म्हटलं, "आजोबा, मला जोर शिकवा." पहाटे साडेपाचला गच्चीवर. पहिल्या दिवशी वीस जोर मारले आणि पडलो. ते हसले, कितीतरी दिवसांनी.

मग गादीवर डाव सुरू झाले. घिस्सा, ढाक, कलाजंग. डाव हातानं दाखवायचे आणि त्यासोबत एखाद्या कुस्तीची गोष्ट यायची. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली सुरू झालं, हे मला ठाऊक होतं. पण त्या मातीत आजोबा कुणाशी, किती वेळ लढले आणि हरल्यावर घरी न जाता रंकाळ्यावर रात्रभर का बसले, हे त्यांनी पहिल्यांदा मलाच सांगितलं. आता ते नाहीत. माझे जोर चालू आहेत.

शुक्रवार पेठ

२०१९. खाली पाणी, वर आम्ही पाच जण, लाईट नाही, मोबाईल मेलेला. वडील दर तासाला जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारायचे आणि मी बॅटरी धरायचो. दोन रेघांच्या मधल्या वेळेत त्यांनी २००५ चा पूर सांगितला, आईला खांद्यावर घेऊन कसे बाहेर पडले ते. आई म्हणाली, "खांद्यावर कुठलं, हाताला धरून." त्यावर ते दोघं अर्धी रात्र वाद घालत होते आणि आम्हा भावंडांची भीती गेली.

राजारामपुरी

आमच्यात बोलणं वाढलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. दोन खोल्या, मुलाची ऑनलाईन शाळा, माझं ऑफिस, आईचा टीव्ही. भांडणंच जास्त. शेवटी ठरवलं की दुपारी दोन तास कुणी कुणाला हाक मारायची नाही. चार वाजता चहा मात्र एकत्र. तेवढंच जमलं, पण त्या चहाला अजून कुणी चुकत नाही.

कसबा बावडा

पप्पांची रिक्षा. टाळेबंदीत दोन महिने दारात उभी. कमाई नाही, हप्ता डोक्यावर, पप्पा कुणाशी बोलत नव्हते. आई म्हणायची, त्यांना काही विचारू नको. रोज सकाळी मात्र ते रिक्षा धुवायचे. न फिरलेली रिक्षा. आधी टप, मग काच, मग आतले फोटो, शेवटी निकेलच्या पट्ट्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी फडकं घेतलं. "पप्पा, मी पुसतो की ही बाजू." काही बोलले नाहीत, नुसती बादली माझ्याकडं सरकवली. आठवडाभर असंच. मग एक दिवस पट्टी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाळा, तुझी यंदाची फी राहणार बघ."

मी म्हटलं, "राहू दे. आधी हप्ता बघू." मग दोघांनी रिक्षात बसून वहीवर हिशेब मांडला. पप्पा पुढं हँडलला, मी मागं पॅसेंजरच्या सीटवर. आई चहा तिथंच घेऊन आली.